वीरगळांचा कॅटलॉग: शून्य लांबीचा बाइट ॲरे सुटला

अखेर सापडलं! मागच्या वेळी लिहिलं होतं, माझ्या जावा प्रोग्रॅममध्ये काही फोटो जेपेग करून सेव्ह करताना बाइट ॲरे (फोटोचा डेटा धरणारी बाइटांची रांग) शून्य लांबीचा, म्हणजे रिकामाच यायचा. तो आता भरून यायला लागलाय.

हलशी-नंदगड बाजूचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड) एकाच एसक्यूलाइट डेटाबेसच्या फायलीत, फोटो ब्लॉब म्हणजे कच्चे बाइट म्हणून, असा आराखडा आहे. साधे फोटो नीट आत जायचे, नीट बाहेर यायचे. गिंप या फोटो-एडिटरमध्ये मागचं गवत-झुडूप कापून काढलेले मात्र आत जातानाच गायब. एक्सेप्शन (एररची सूचना) नाही, काही नाही. परत वाचताना जावाचं फोटो वाचणारं इमेजआयओ.रीड नल (म्हणजे काहीच नाही) देणार आणि पुढच्याच ओळीला नलपॉइंटर एरर. त्यामुळे सगळा संशय वाचणाऱ्या कोडवर, नाहीतर डेटाबेसवर.

शेवटी डेटाबेस बाजूला ठेवला आणि इमेजआयओ.राइट (फोटो बाइटमध्ये लिहिणारं) झाल्या झाल्या ॲरेची लांबी आणि पहिले दोन बाइट छापले. चालणाऱ्या फोटोला -१, -४०. म्हणजे एफएफ डी८, जेपेगची खूण. जावाचा बाइट -१२८ ते १२७, म्हणून उणे आकडे. कापलेल्या फोटोला लांबीच ०. गाठ इथंच होती. इमेजआयओ.राइट बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) परत देतं. जमेल असा रायटर मिळाला नाही तर नुसतं फॉल्स देऊन मोकळं. कापलेल्या पीएनजीत पारदर्शकतेचा अल्फा चॅनल असतो, आणि जेपेगचा रायटर तो घेत नाही. इतक्या मोठ्या गोष्टीला एक्सेप्शन नको? मला हे डिझाइन अजिबात पटत नाही. राइटचं उत्तर इफमध्ये तपासाच.

उपाय सोपा: टाइप_इंट_आरजीबीचा (अल्फा नसलेला) नवा बफर्डइमेज, म्हणजे मेमरीतलं कोरं चित्र, घ्यायचा, आधी रंग भरायचा, मग त्यावर चित्र काढायचं. रंग भरला नाही तर पारदर्शक जागा काळी येते, आणि आमच्या वीरगळांचा दगड आधीच काळपट, कडाच दिसत नाहीत. फिकट राखाडी भरला. सगळ्यात वरच्या कप्प्यातलं शिवलिंग, पूजा करणारा वीर, बाजूचे चंद्र-सूर्य, सगळं लख्ख उठून आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

निपाणीचा मित्र बेस६४ कर (बाइट अक्षरांत लिही) म्हणतोय. ब्लॉब असताना आकार तिसऱ्या हिश्शानं कशाला वाढवायचा?

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: मूळ फोटो इमेजआयओमधून न्यायचाच कशाला? फाइल्स.रीडऑलबाइट्सनं उचलायचा, जसाच्या तसा ब्लॉबमध्ये. जेपेग पुन्हा दाबला जात नाही, आणि एक्झिफमधलं (फोटोच्या फायलीतच असलेल्या माहितीतलं) जीपीएस शाबूत राहतं. शेताच्या बांधावरचा दगड पुन्हा शोधायला तेच लागतं. कापलेले पीएनजीच राहतील, इमेजआयओ फक्त थंबनेलपुरतं. सेव्हचा क्लास आज रात्रीच नव्यानं लिहायला घेतो.

एक उरलंय. मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोंचे थंबनेल आडवे येतात, कारण इमेजआयओ एक्झिफमधली दिशा बघत नाही. मेटाडेटा-एक्स्ट्रॅक्टर ही लायब्ररी वापरून दिशा वाचायचा विचार आहे. कुणी वापरलं असेल तर फिरवण्याचा कोड दाखवा.