आमची वाटचाल : खेतवाडी ते वडाळा

जुलै २०१७ हा आमच्या प्रेसचा आजवरचा सगळ्यात जोरात गेलेला महिना. १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि मुंबईतल्या ज्या त्या दुकानदाराला नवा जीएसटी नंबर छापलेलं बिलबुक उभ्या उभ्या हवं होतं. लोहार चाळीतले इलेक्ट्रिकवाले, नागदेवीचे बेअरिंगवाले, दादरचे साडीवाले, सगळे एकदम. नंबरिंगचं मशीन मध्यरात्रीपर्यंत थंड होत नव्हतं. बाइंडिंगला माणसं मिळेनात, म्हणून घरची मंडळी पॅड चिकटवायला बसली.

आणि पुढच्या वर्षभरात तीच गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. त्यांच्या सीएंनी त्यांना कॉम्प्युटरवर बिलं काढायला लावली. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं तेव्हा आम्हाला काही फरक पडला नाही. ती आपली दुनियाच नव्हे. पण ती मर्यादा पायरी पायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली, आणि आमची बरी चालणारी, हजारांच्या संख्येने बिलबुकं घेणारी गिऱ्हाइकं त्यात बसली. ज्या कामावर आमचं घर चाललं ते काम तंत्रज्ञानाने काढून नेलं. त्यामुळे नव्या यंत्राचं मला फार अप्रूप नाही आणि रागही नाही. काम नेमकं कुठे अडतंय ते आधी बघायचं, खरेदीचं नंतर. आमच्याकडे ज्या गोष्टींनी खरा फरक पडला त्यातल्या बऱ्याचशा फुकट किंवा फुकटात जमा होत्या. मोठं यंत्र सगळ्यात शेवटी आलं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खेतवाडीत एका चाळीच्या तळमजल्यावर ट्रेडल मशीन टाकलं. हाताने जुळवलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, शिशाचा वास, दारात सायकलला टेकवलेली कागदाची रिमं. गिरगाव-खेतवाडी हा छपाईवाल्यांचाच टापू. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची परंपरा सांगणारे जुने जुळारी अण्णांना भेटलेले. नंतर सिंगल कलर ऑफसेट आलं, सेकंडहँड डॉमिनंट, आणि ते चाळीत मावेना म्हणून वडाळ्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला. खिळे भंगारात वजनावर गेले. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत असं आई सांगते. अण्णा स्वतः म्हणतात, भाव बरा मिळाला होता.

मी धंद्यात आले तेव्हा अडत होतं ते कोटेशनपाशी. गिऱ्हाईक फोनवर विचारणार, 'दोन हजार पत्रकं, किती?' आणि उत्तर फक्त अण्णांच्या डोक्यात. ते देवदर्शनाला गेले की धंदा थांबला. त्यांचा हिशेब पाठकोऱ्या लिफाफ्यावर चालायचा. कागदाची लांबी-रुंदी इंचात, गुणिले जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००, की ५०० तावांच्या रिमचं वजन किलोत निघतं. २३ बाय ३६ चा ८० जीएसएमचा कागद घ्या: २१ किलो ३७० ग्रॅम. कागद किलोच्या भावाने येतो, तेव्हा इथून पुढे तावात किती नग बसतात, वाया किती जाणार, प्लेटा किती, लॅमिनेशन-पंचिंग बाहेर द्यायचं का, अशी साखळी. हे सगळं मी त्यांच्याशेजारी बसून साध्या गूगल शीटमध्ये उतरवलं. कागदाचा भाव बदलला की एका चौकटीत बदलायचा, बाकी आपोआप.

फरक काय पडला? काउंटरवरची मुलगीसुद्धा फोन न ठेवता भाव सांगू लागली. आणि एक गोष्ट उघडी पडली जी अण्णांनाही ठाऊक नव्हती: छोट्या व्हिजिटिंग कार्डांच्या कामात आम्ही दरवेळी खिशातले पैसे घालत होतो. मशीन लावायचा वेळ त्या जुन्या हिशेबात कधी धरलाच नव्हता.

त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर चालू कामांची यादी आली. पूर्वी प्रत्येक कामाचा एक खाकी लिफाफा असायचा, त्यात मजकूर, प्रूफ, नमुना. लिफाफे अजून आहेत, ते काढायची गरज नाही. फक्त लिफाफ्यावरचा नंबर शीटमध्ये आहे आणि काम डिझाइनला, प्रूफला, मशीनवर की बाइंडिंगला, ते मोबाइलवर दिसतं. एका कंपनीचा माणूस छपाई-धंद्याचं खास सॉफ्टवेअर घेऊन आला होता. देखणं होतं. पण त्यात कागदाचा उरलेला तुकडा कुठे नोंदवायचा हे त्याला सांगता येईना, आणि आमचा अर्धा नफा त्या तुकड्यांत असतो. पन्नासेक माणसांचा कारखाना असता तर घेतलं असतं.

आता फॉन्ट. मराठी छपाईतल्या माणसाला याबद्दल बोलायला लावू नये, रात्र पुरत नाही.

वर्षानुवर्षं आमचं सगळं काम पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टांत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. काम चोख व्हायचं, तक्रार नव्हती. पण तेव्हाचे आमचे फॉन्ट युनिकोडमधले, म्हणजे सगळीकडे सारखं चालणाऱ्या अक्षर-मांडणीतले, नव्हते. प्रत्येक कंपनीची आतली मांडणी वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती किडे-मुंग्यांची रांग. गिऱ्हाईक स्वतः कधी टाइप करत नव्हतं तोवर ठीक होतं. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये यायला लागला. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून आहेर आणू नये पर्यंत सगळं तयार, आणि आमच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या) ताई ते पडद्यावर बघून पहिल्यापासून पुन्हा टाइप करतायत! शिवाय पुन्हा टाइप केलं की पुन्हा चुका, आणि पत्रिकेत मामांचं नाव चुकलं की काय होतं ते सांगायला नको.

तेव्हा युनिकोड आणि पानं मांडायचं नवं सॉफ्टवेअर इनडिझाइन, यांकडे वळलो. पहिला आठवडा ताई माझ्याशी धड बोलत नव्हत्या, कारण मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला आणि 'ज्येष्ठ चिरंजीव' मधला ज्येष्ठ फुटलेला. उपाय एका सेटिंगचा निघाला: परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. जुन्या फायलींसाठी कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आमच्याकडे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला र हमखास बिघडायचा, आणि आकडे-विरामचिन्हं इकडची तिकडे. रूपांतर झालं की जुनी छापील प्रत शेजारी ठेवून प्रूफ वाचायचंच. या बदलाला सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं सोडलं तर खर्च नव्हता, आणि एका पत्रिकेमागचा वेळ निम्म्याहून खाली आला. आजवर केलेल्या बदलांत मी हा पहिल्या नंबरावर ठेवीन.

जाता जाता: लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून आला की तो दाबून लहान होतो आणि छपाईत धुरकट दिसतो. हे वाक्य आम्ही काउंटरवर लावलंय, तरी रोज सांगावं लागतं.

जुना पेजमेकरचा कॉम्प्युटर मात्र काढला नाही. त्यावर विंडोज एक्सपी आहे, मागे फॉन्टचं लॉक (ज्याच्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ती खुंटी) खोचलेलं, आणि काही संस्थांचे जुने अहवाल फक्त तिथेच नीट उघडतात. एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे नियमित अपडेट नाहीत, म्हणून त्याची नेटची वायर काढून टाकली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा अशीच अपडेट न केलेली यंत्रं त्याच्या तावडीत सापडली होती. पुढे आमच्याच इस्टेटमधल्या एका गाळ्यात सगळ्या फायली कुलूपबंद होऊन पैशांची मागणी आली. बिचाऱ्यांचा बॅकअप होता, पण तो त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या डिस्कवर, तोही गेला.

आमचा बॅकअप तीन ठिकाणी असतो: कामाच्या मशीनवर, एका सुट्या डिस्कवर जी काम झालं की काढून घरी नेतो, आणि क्लाउडवर. इमारतीबाहेर एक प्रत हवीच, हे वडाळ्यात राहून वेगळं शिकावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून आमच्या गाळ्यात कागद लाकडी फळ्यांवर आणि कॉम्प्युटर पोटमाळ्यावर.

विंडोज १० चाही मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ठरावीक वयाच्या वरचे प्रोसेसर ते घेतच नाही. तेव्हा दुकानदाराने 'रॅम वाढवा, चालेल' म्हटलं तरी आधी ते तपासा. बिलिंगचा आणि बँकेचा कॉम्प्युटर आम्ही आधी बदलला, डिझाइनचा नंतर. पैसे जिथून जातात ते दार आधी.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं महत्त्व मला कागदवाल्यामुळे पटलं. त्याने रिटर्न भरलं नाही तर त्याचं बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत, येत नाही, आणि जानेवारी २०२२ पासून तिथे जे नाही त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, नाही. म्हणजे चूक त्याची, पैसे आमचे अडकले. आता दर महिन्याला खरेदीची बिलं २बीशी जुळवून, जे दिसत नाही त्याचा फोन आधी आणि पेमेंट मग. उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) नंबर प्रत्येक बिलावर छापतो. आयकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) आमच्यासारख्या सूक्ष्म-लघु उत्पादकांचे पैसे करारातल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. नंबर छापल्यापासून मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. यूपीआयबद्दल काय सांगायचं, ते सगळ्यांकडेच आहे. आम्हाला त्याचा उपयोग ॲडव्हान्ससाठी झाला. क्यूआर प्रूफच्या पीडीएफवरच टाकतो. पैसे आले की काम मशीनवर.

डिजिटल मशीन सगळ्यात शेवटी घेतलं, सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीवर, घर गहाण न टाकता. ऑफसेटला चार प्लेटा, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे ताव, मग छपाई. छपाईआधीचा हा खर्च १०० प्रतींना आणि ५००० प्रतींना जवळपास सारखाच. डिजिटलला तो नाही, पण प्रत्येक तावामागे क्लिक चार्ज, म्हणजे दर छपाईमागे ठरलेला आकार. आमच्या कामात हा काटा ५०० प्रतींच्या आसपास फिरतो. हल्ली पत्रिका दीडशे-दोनशेच निघतात, बाकी आमंत्रण मोबाइलवर. ही कामं ऑफसेटवर परवडतच नव्हती. आमचे मशीनमन काका पहिल्या दिवशी हात मागे बांधून उभे राहिले. 'ताई, हे आवाजच करत नाही. डबल ताव गेला तर कळणार कसं?' डॉमिनंटचा ठेका बदलला की ते दुसऱ्या टोकाहून ओरडतात. त्यांना डिजिटलवर बसवलं नाही. ऑफसेट त्यांच्याकडे, नव्या मशीनवर त्यांचा पुतण्या.

प्लेटा काढायचं सीटीपी यंत्र मात्र घेतलेलं नाही. दरवर्षी विक्रेते येतात, दरवर्षी हिशेब मांडतो. आमच्या रोजच्या प्लेटा ब्युरोकडून दुपारपर्यंत टेंपोने येतात आणि यंत्र आमच्याकडे दिवसाचा बहुतेक वेळ झोपून राहील.

सध्या विचार चालू आहे तो कटिंगचा. जुनं कटर मापाला हाताने लावावं लागतं, आणि डिजिटल आल्यापासून लहान कामं तिथे तुंबतात. प्रोग्रॅम होणारं कटर बघतोय. विक्रेत्याने त्यांच्या नमुन्यावर डेमो दाखवला, छान कापतं. आम्ही सांगितलंय, आमचे लॅमिनेशन केलेले ताव घेऊन येतो, आणि काकाही सोबत असतील.