कॅप्सूल एंडोस्कोपी आणि रिपोर्टची खिडकी

माझी पोटदुखी, घटत चाललेले वजन आणि गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन यांचे कारण ना गॅस्ट्रोस्कोपीत सापडले, ना कोलोनोस्कोपीत. मलातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असल्यास वाढणारे प्रथिन, मात्र बरेच वाढलेले होते, म्हणून लहान आतड्याला सूज असावी असा संशय घेऊन डॉक्टरांनी कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे छोटा कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळून करायची आतड्याची तपासणी, सुचवली. आतडे कुठे अरुंद झालेले असल्यास कॅप्सूल अडकू शकते, त्यामुळे आधी सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचे सीटी स्कॅन, झाली. तपासणीचा दिवस विनासायास पार पडला.

खरा मनस्ताप झाला तो पुण्यातील त्या रुग्णालयाच्या रिपोर्टच्या खिडकीवर. कित्येक तासांच्या चित्रणातील ५० हजारांहून अधिक चित्रे डॉक्टरांना नजरेखालून घालावी लागतात, त्यामुळे थोडे थांबणे मला मान्यच होते. परंतु ‘सर बघतायत, उद्या या’ हे ऐकत हेलपाटे घातल्यावर हाती पडलेल्या कागदावर केवळ एवढेच होते, की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण आहेत व लक्षणांशी ताळा घालून पाहावे. व्रण किती, केवढे, आडवे की उभे, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता आणि एकही छायाचित्र जोडलेले नव्हते. आपल्याकडे क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा क्षय यांतला फरक ओळखणे अवघड असते. आडवे व्रण क्षयाकडे, तर उभे, लांबट व्रण क्रोन्सकडे बोट दाखवतात, आणि वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतात. क्षय असताना स्टिरॉइड सुरू केले तर तो बळावतो. असे असताना माझ्या डॉक्टरांनी त्या दोन ओळींवरून काय ठरवायचे होते? ‘फोटो पेशंटला देत नाही’ हे खिडकीतून मिळालेले उत्तर आठवले की आजही संताप होतो.

अखेर मी लेखी अर्ज दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात, हे त्यात नमूद केले आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. त्यानंतर सीडी आणि सविस्तर अहवाल दोन्ही मिळाले. छायाचित्रांत लालसर कडांचे, पांढुरक्या तळाचे छोटे व्रण स्पष्ट दिसत होते. कॅप्सूलने तुकडा काढता येत नाही, म्हणून पुढे बलून एन्टेरोस्कोपीने (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेल्या दुर्बिणीने) बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणे, झाली, क्षयाचा पुरावा मिळाला नाही आणि क्रोन्सचे उपचार सुरू झाले. नेमके काय झाले आहे हे कळल्याने मोठा दिलासा मिळाला.

पैसे भरण्यापूर्वीच अहवालात छायाचित्रे आणि सुजेची तीव्रता सांगणारा लुईस स्कोअर असेल का, हे विचारून घ्यावे. वेदनाशामक गोळ्या महिनाभर आधी आणि लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच करावे. कॅप्सूल शौचावाटे पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये. दोन आठवड्यांत ती पडलेली दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढून घ्यावा.