तुम्ही विचारलंत म्हणून : जॉनी मॅक ब्राउनचे वाईट वाटत नाही का?

जुन्या वेस्टर्न चित्रपटांचा माझा नाद ज्यांना ठाऊक आहे, ते हा प्रश्न हमखास विचारतात. ग्रेटा गार्बो आणि मेरी पिकफर्ड यांच्यासमोर नायक म्हणून उभा राहिलेला देखणा नट पुढची वीस वर्षे तासाभराच्या स्वस्त घोडेस्वारीपटांत घालवतो, हे पाहताना वाईट वाटत नाही का?

वाटत नाही, कारण तो मुळात नट नव्हता, धावणारा होता. अमेरिकी फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात झेलून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीपर्यंत पळायचे असते, आणि अलाबामा विद्यापीठाच्या संघात हे काम डोथन गावच्या या मुलाकडे होते. गावाच्या नावावरून त्याला ‘डोथनचे हरिण’ म्हणत. 1 जानेवारी 1926 रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या रोझ बोल सामन्यात अमेरिकेच्या दक्षिणेतून प्रथमच आलेला हा संघ मध्यंतराला वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध 12-0 असा मागे होता. वॉशिंग्टनचा आधारस्तंभ जॉर्ज विल्सन जखमी होऊन बाहेर बसला असताना तिसऱ्या सत्रात अलाबामाने 20 गुण काढले. त्यातले दोन टचडाउन, म्हणजे चेंडू हद्दीपार नेऊन मिळवलेले गुण, ब्राउनचे होते. त्यातल्या एका वेळी सहकारी पूली ह्यूबर्टने त्याला फक्त जीव खाऊन पळायला सांगितले होते. ब्राउन पळाला, हद्दीजवळ मान वळवून पाहिले, तर चेंडू खांद्यावरून हातात येत होता. सामना 20-19 असा जिंकला.

अशा माणसाला 1927 मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने करारबद्ध केले आणि सूट घालून सोफ्याशेजारी उभे केले! बोलपट आल्यावर तर हालचाल आणखी आखडली. 1930 मध्ये किंग व्हिडोरने त्याला ‘बिली द किड’ या कुख्यात बंदूकबाजाची भूमिका दिली खरी, पण पुढच्याच वर्षी जोन क्रॉफर्डबरोबरच्या एका चित्रपटातील त्याची दृश्ये काढून टाकून ती क्लार्क गेबलकडून नव्याने करून घेण्यात आली. त्यानंतर एमजीएमशी संबंध संपला आणि मॅस्कॉट, सुप्रीम, युनिव्हर्सल अशा कंपन्या करत तो 1943 मध्ये स्वस्त चित्रपट काढणाऱ्या मोनोग्रामकडे स्थिरावला.

मोनोग्रामच्या चित्रपटांत पैसा दिसत नाही, हे मी मान्य करतो. तोच रस्ता, तोच गुत्ता, तीच टेकडी, आणि टेकडीआडून येणारे खलनायकही बहुधा तेच. परंतु तिथे कॅमेऱ्याला त्याच्या देहाचा उपयोग ठाऊक होता. मी कॉलेजात खो-खो खेळलो आहे, त्यामुळे माझी नजर आपोआप पायांकडे जाते; हूल देणाऱ्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे संवादांपेक्षा मला लवकर कळते. गुत्त्यातल्या मारामारीत ब्राउन टेबलाला वळसा घालतो, तेव्हा खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातो. ही चाल कोणत्याही दिग्दर्शकाने शिकवलेली नव्हे.

दूरचित्रवाणीच्या रेट्यात हा प्रकारच ओसरला आणि 1952 मध्ये त्याच्या वेस्टर्न चित्रपटांची मालिका थांबली. तोवर तो अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता, अंगही बरेच सुटले होते. त्या शेवटच्या चित्रपटांची कथानके मी एकमेकांत गल्लत केल्याशिवाय सांगू शकणार नाही. तरी तो दारातून निघून घोड्याकडे जाऊ लागला की मी अजूनही हातातले काम बाजूला ठेवतो.