मसाई पठाराचं कुसळ, अंटार्क्टिकाच्या वेशीवर

अंटार्क्टिकाचा प्रवास सुरू झाला तो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आमच्या गच्चीवर. जहाजवाल्यांचा मेल आला होता: जॅकेट, सॅक, काठ्या, ट्रायपॉड सगळं घासूनपुसून आणा, मातीचा कण की गवताचं बी दिसता कामा नये. आई जुना टूथब्रश आणि सुई घेऊन बसली. "एवढं सोवळं कशाला रे? तिथं काय पूजेला बसायचंय व्हय?" म्हणत तिनं सॅक उलटी केली. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेतली लाल माती पडली आणि भडंगातले दोन शेंगदाणे.

मुंबई, ब्युनोस आयर्स आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उशुआया हा विमानप्रवास सगळ्यांचा सारखाच कंटाळवाणा असतो. पुढं जहाजावर, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या खवळलेल्या ड्रेक पॅसेजचे दोन दिवस मी आडवाच होतो. उठलो तो तपासणीपुरता.

जहाजाच्या बैठकीच्या खोलीत व्हॅक्युम क्लीनर, चिमटे आणि भिंगं मांडून ठेवली होती. जो तो आपापले खिसे बाहेर काढून बसलेला. लग्नाच्या हॉलमध्ये बायका तांदूळ निवडायला बसतात तसं दृश्य. गाइड बाईंनी माझ्या सॅकच्या वेल्क्रोत चिमटा घातला आणि हलक्या हातानं काहीतरी ओढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. कुसळ! तांबूस, टोकदार, शेपटीला पीळ पडलेलं. बघताक्षणी ओळखलं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचं. दर दिवाळीत माझ्या मोज्यांची चाळण करणारं हेच. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि टोक स्क्रूसारखं मातीत शिरतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. इथं माझंच, आणि बघायला जगभरचे लोक.

मी म्हटलं, बाई, हे उन्हातलं गवत, तिथल्या थंडीत जगणार कसं? त्यांना ते लगेच पटलं. मग विचारलं, ही सॅक थंड प्रदेशात कुठं फिरलीय का? फिरली होती, मे महिन्यात हिमाचलात. त्यांनी सॅक परत पालथी घातली.

खरी मेख तिथं होती. 2007-08च्या मोसमात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बुटं, बॅगा शास्त्रज्ञांनी अशाच झाडून घेतल्या, तेव्हा ज्यांच्याकडं बिया सापडल्या त्यांच्याकडं माणशी सरासरी साडेनऊ निघाल्या. त्यातल्या थंड मुलखातून आलेल्या बिया जगू शकतात. अख्ख्या खंडावर फुलणाऱ्या मूळच्या वनस्पती दोनच: एक केसासारखं बारीक गवत आणि एक उशीसारखं पसरणारं छोटं रोप. पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन तळाजवळ 1985-86मध्ये तिसरं सापडलं, पण ते पाहुणं, बागेच्या हिरवळीत हमखास दिसणारं साधं वार्षिक गवत. पुढं ते उपटायला माणसं लावावी लागली. पाहुण्यांबाबत नियम इतका कडक, की ज्यांच्या जिवावर अमुंडसेन 1911मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला, ती स्लेजची कुत्रीसुद्धा 1994पर्यंत तिथून बाहेर काढली. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायच्या 1991च्या माद्रिद करारात तसं ठरलंच होतं.

किनाऱ्यावर उतरताना आणि परत चढताना गुलाबी जंतुनाशकात बूट बुडवून ब्रशनं घासायचे. बर्फावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, सॅक खाली ठेवायची नाही; बर्ड फ्लूच्या भीतीनं हा नियम आणखी आवळलाय. एका पेंग्विननं माझ्यापासून चार हातांवर खडा उचलला, शेजारणीच्या घरट्यातून, चक्क चोरून. फोटो काढायला मला आडवं पडायचं होतं. उभाच राहिलो. वासाचं सांगायचं तर मच्छी मार्केट परवडलं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी इचलकरंजीला निघालो. पंचगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली, खाली पाणी दिसेना, नुसती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची. मी विमानं बदलत जिथं जाऊन आलो, त्याच खंडातून फूल देखणं म्हणून कुणीतरी उचलून जगभर नेलेली. पन्हाळ्याच्या उतारावरची घाणेरीसुद्धा तिकडचीच, बागेत शोभेला आणलेली.

पुढच्या रविवारी मित्रांबरोबर मसाई पठारावर गेलो. परतताना गाडीत बसायच्या आधी कठड्यावर टेकलो आणि मोज्यातलं एकेक कुसळ उपटून तिथंच टाकायला लागलो. डाव्या पायाचीच सतरा निघाली.

"भावा, चल की आता," खालून हाक आली, "झुणका-भाकर गार व्हायलीय."

"थांब रे, उजवा पाय राहिलाय."