एकाच दिवसात का?

इंग्लंडातली ती सायकलसफर एकाच दिवसात का उरकली, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेलं वर्षभर माझी तीन उत्तरं ठरलेली आहेत. गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर कोणी विचारलं तर "सुट्टी नव्हती". ऑफिसात "भाच्याच्या डोक्यातलं खूळ". शेजारच्या काकूंना "अहो, वेड लागलं होतं", की विषय संपतो. तिन्ही खोटी. माझी सहा दिवसांची सुट्टी शिल्लक होती, खूळ माझंच होतं, आणि वेड वगैरे काही नव्हतं. फेब्रुवारीपासून वहीत लिहून आखलेलं होतं सगळं.

प्रश्न नेहमी एकच. इंग्लंडला गेलीस, भाच्याबरोबर सायकलने साउथ डाउन्स वे केलास, छान. पण विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही १६० किलोमीटरची कच्ची वाट एका दिवसात कशाला? लोक दोन-तीन दिवसांत मजेत करतात ना?

करतात. त्याच्या उलटही एक प्रश्न येतो, तो जास्त झोंबतो. १६० म्हणजे नाशिक-मुंबई, त्यात काय एवढं? २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी 'रॅम' ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पुरी केली तेव्हापासून आपल्या गावात अंतराचं कौतुक कोणालाच राहिलेलं नाही. तर ऐका. ही वाट घोड्यांची आणि मेंढरांची. सगळ्यात उंच टेकडी बटसर हिल, २७० मीटर. घरी बसून हा आकडा वाचला तेव्हा मी हसले होते, आपलं नाशिक शहरच त्याच्या दुप्पट उंचीवर आहे. पण तिथे एक घाट चढलात की झालं असं नसतं. चढा, सगळं खाली नदीपर्यंत उतरा, पुन्हा चढा. दिवसभराची चढाई पावणेचार हजार मीटरच्या आसपास जाते. समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाई दोनदा चढा आणि वर थोडं उरवा. मध्ये फाटकं. उतरा, फाटक उघडा, सायकल आत घ्या, फाटक लावा. तिसाव्यानंतर मी मोजणं सोडलं.

आणि जमीन खडूची. शाळेतल्या खडूसारखाच पांढरा, मऊ दगड, त्याचेच डोंगर. आदल्या रात्री पाऊस झाला होता. ओला खडू म्हणजे शेवाळलेली घाटाची पायरी, ब्रेक दाबला की चाक आडवं. त्याचा पांढरा चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये थापून बसतो. त्यात गारगोट्या, फुटल्या की आतून काळ्या आणि धारेला ब्लेडसारख्या. मी आपल्या मुरमावर, अंजनेरीच्या पायथ्याच्या वाटांवर तयारी केली होती. मुरूम घसरतो तेव्हा आवाज तरी करतो.

पहाटे चार चाळीसला निघालो. ॲम्बर्लीपर्यंत, म्हणजे साधारण अर्ध्या वाटेपर्यंत, सांगण्यासारखं काही नाही. ऊन, वारा, राजगिऱ्याची चिक्की.

एडर नदी ओलांडल्यावर भाचा बोलायचा थांबला. माझ्या लक्षात आलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "काही बोलत नव्हता, मला वाटलं दम साठवतोय" असं म्हणत आलेय. डिचलिंग बीकनच्या टेकडीवर त्याला उलटी झाली. "इलेक्ट्रॉल नाही सोसलं," म्हणाला. मी म्हटलं, साउथीजपर्यंत सगळा उतार आहे. सगळा नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

साउथीज हे औझ नदीकाठचं एवढंसं स्टेशन, वाट अगदी त्याला लागूनच जाते. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वीस झाले होते. जूनमध्ये तिकडे नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे उजेड भरपूर होता. तो बाकावर बसला. मी चिक्की दिली. त्याला वेष्टण फाडता येईना, बोटं लटपटत होती. दोन्ही हातांत धरून दातांनी ओढायला लागला, तर चिक्कीच खाली पडली. मी उचलली, पुसली, तुकडा मोडून हातावर ठेवला. त्याचा टीशर्ट घामाने ओलाकच्च. गाडीला चाळीस मिनिटं होती.

"मावशी, तू जा," म्हणाला. "मी गाडीने येतो ईस्टबोर्नला."

हे तो म्हणालाच. त्याला विचारा, आजही तेच सांगेल. पण त्याआधी मी दोनदा घड्याळ पाहिलं होतं, आणि ते त्याने पाहिलं होतं. सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, लहान नाही. स्टेशनला लागून होस्टेल होतं, माणसं होती. हे सगळं खरं. माझ्या पिशवीत एक कोरडं विंडचीटर होतं, हेही खरं. पुढचे उतार अंधारात उतरायचे म्हणून ते मी अंगात घातलं आणि निघाले.

इटफर्ड हिलच्या चढावर सायकल ढकलताना मागे वळून पाहिलं. खाली रूळ, नदी, स्टेशन काड्यापेटीएवढं. गाडी आली, थांबली, निघाली. तो चढला की नाही ते तेवढ्या उंचीवरून दिसणं शक्यच नव्हतं. मी मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. म्हणजे चार-पाच मिनिटं माझ्याकडे होती म्हणायची.

रात्री दहा पस्तीसला पोचले. तो तिथे उभा होता, कोणाचा तरी स्वेटर घालून. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला तो व्हिडिओ त्यानेच काढलाय. मी हसतेय, अंगात विंडचीटर.

दोन दिवस का नाही? दोन दिवसांत केली की रात्री गरम पाणी, गादी आणि सकाळी "बघू". माझं सकाळचं "बघू" मला ठाऊक आहे. तेव्हाची मी म्हणते, ज्याने 'जा' म्हटलं त्याच्यासाठी थांबणं हा त्याचाच अपमान. आत्ताची मी पंढरपूरच्या सायकल वारीत नव्या पोरींना सांगते, शेवटच्या माणसाला सोडून पुढे जायचं नाही. दोघी एकाच घरात राहतो, अजून पटलेलं नाही. आणि एवढं लिहूनही कबूल करते, ते शेवटचे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर मी आयुष्यात चालवलेले सगळ्यात सुंदर किलोमीटर होते.

ताईने, त्याच्या आईने, 'का' असं कधी विचारलं नाही. दिवाळीत चकल्या पाडताना एकदाच म्हणाली, "स्टेशनवर गार होतं का गं?"

"छे, ऊन होतं," मी म्हटलं, आणि सोऱ्या भरायला घेतला.

ताई, वारा होता.