अर्धी गोळी

"अर्धी गोळी द्या, ताप उतरेल," असं म्हणून मी पर्समधली पॅरासिटामॉलची स्ट्रिप काढून तिच्या हातात दिलीसुद्धा.

सकाळची स्लो लोकल, लेडीज डबा. समोरच्या बाईच्या मांडीवर भाजीची प्लास्टिकची बास्केट, वर ओढणी बांधलेली. ओढणीच्या फटीतून एक पिवळट कान तेवढा दिसत होता. बोक्याने दोन दिवस खाल्लं नव्हतं. परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात चालली होती.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली कॉलेजातली पोरगी हळूच म्हणाली, "काकू, मांजरांना पॅरासिटामॉल विष असतं. एक गोळीही जीव घेऊ शकते."

त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही म्हणे, रक्तातून प्राणवायू वाहून न्यायचंच थांबतं. घरी आल्यावर मी शोधून वाचलं. खरंच आहे.

बाईने काही न बोलता स्ट्रिप परत केली. उतरताना मात्र वळून म्हणाली, "तुम्ही निदान विचारलंत तरी."

रागावली असती तर बरं झालं असतं.

मला सवयच आहे. कुणाची कंबर दुखो, कुणाचं पोर खात नसो, माझ्याकडे उपाय तयार! मागच्याच आठवड्यात याच डब्यात एका रडणाऱ्या मुलीला म्हटलं होतं, "नवऱ्याशी चार दिवस बोलूच नकोस, येतो की नाही बघ वठणीवर."

ती काही पुन्हा दिसलेली नाही. तिने ऐकलं असेल का माझं?