कर्लीच्या खाडीत तुटलेली स्टार्टरची दोरी

मालवणजवळच्या देवबागहून कर्लीच्या खाडीतून वर नेरूरपारच्या पुलापर्यंत होडीने जायचं असेल, तर आधी पंचांग बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे चांगला लागू पडतो. आम्ही द्वादशी धरली होती, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. सकाळी साडेसहाला निघालो की चढत्या पाण्यासोबत वर जायचं आणि ओहोटीसोबत खाली उतरायचं. पेट्रोल वाचतं, आणि वर जाताना इंजिन रुसलंच तरी पाणी तुम्हाला समुद्रात ओढत नाही. हा शेवटचा फायदा आम्हाला त्याच दिवशी कळला.

होडी फायबरची, छोटी. मागे आठ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून चालू होणारं. सोबत देवबागचे एक काका, ज्यांचा जन्म याच पाण्यावर गेला. खाडी समुद्राला मिळते त्या संगमापासून आत वळलं की डावीकडे देवबागचे माड, उजवीकडे कोरजाईचा काठ आणि त्याच्या वर चिपीचं पठार. पुढे कांदळवन दाट होत जातं. सकाळच्या वेळी तिथे बगळे आणि खंड्या इतके जवळून दिसतात की इंजिन बंद करून थांबावंच. आम्हीही थांबलो.

परत चालू करायला दोरी ओढली, तर ती अर्धीच आत गेली. पुढच्या झटक्याला हँडल हातात आणि दोरी गायब.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे नांगर टाकणं. मगच इंजिनाकडे बघायचं. काकांनी नांगर सोडता सोडता सांगितलं, "झिला, आदी न्यूट्रलात आसा काय ता बघ." कारण बऱ्याच इंजिनांत गियर पडलेला असताना स्टार्टर, म्हणजे दोरीने इंजिन फिरवणारा भाग, लॉक होतो आणि दोरी हलतच नाही. तसं असेल तर जोर लावून उपयोग नसतो. न्यूट्रलमध्येही हलत नसेल, तर स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या वरचं जड चाक, हाताने फिरवून बघा. तेही फिरत नसेल, तर दुखणं इंजिनाच्या आत आहे. आमचं फ्लायव्हील छान फिरत होतं, म्हणजे बिघाड फक्त स्टार्टरचा.

प्लगची कॅप काढून ठेवली, कारण हात आत असताना इंजिनाने चुकूनही ठिणगी घेता कामा नये. स्टार्टरचं झाकण तीन बोल्टांवर होतं, दहाच्या पान्याने सुटलं. न्यूट्रल लॉकची केबल हळूच बाजूला केली आणि झाकण उलटं करून फळीवर ठेवलं. आत दोरी गुंडाळली जाते ती एक पुली, तिच्याखाली गुंडाळलेली चपटी स्प्रिंग, आणि दोरी ओढली की बाहेर येऊन फ्लायव्हीलला पकडणारी खिटी. स्प्रिंग शाबूत असेल तर पुली अजिबात उचलू नका. ती पट्टी सुटून उसळली तर डोळ्यावर येते. स्प्रिंगच तुटली असेल तर ते काम किनाऱ्यावर, चष्मा आणि हातमोजे घालूनच.

दोरी का तुटली तेही दिसलं. ती झाकणातून बाहेर येते त्या भोकाची कडा खाऱ्या हवेने खरवडली होती आणि दोरीचे पीळ तिथेच तासले जात होते. नुसती दोरी बदलली असती तर नवीही तशीच गेली असती. पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत केली, बोट फिरवून खात्री केली.

नवी दोरी पाच मिलिमीटरची, विणलेली नायलॉनची. जाळ्याला वापरतात ती स्वस्त प्लॅस्टिकची दोरी इथे नको, घर्षणाने वितळते. लांबी जुने दोन्ही तुकडे जोडून मापली. टोकं लायटरने जाळून घट्ट केली.

आता खरं कौशल्याचं काम. दोरी तुटली की स्प्रिंगचा सगळा ताण सुटतो, तो आधी भरावा लागतो. दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ती हाताने फिरवत स्प्रिंग आवळायची, मग पुलीचं भोक झाकणाच्या भोकासमोर आणून पक्कडीने धरून ठेवायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने दोरी ओवून गाठ मारायची. हँडल बांधलं की पुली सावकाश सोडायची, दोरी आपोआप आत गुंडाळते. नंतर ही परीक्षा घ्या: दोरी पूर्ण बाहेर ओढल्यावरही पुली अजून अर्धा फेरा फिरायला हवी. फिरत नसेल तर ताण जास्त झालाय, स्प्रिंग तुटेल. आणि सोडल्यावर हँडल जागेवर घट्ट बसायला हवं. लोंबकळत असेल तर एक फेरा कमी पडलाय.

स्टार्टर दुरुस्त होण्यासारखा नसेलच, तर झाकण बाजूला ठेवून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवा, दोरी घड्याळाच्या दिशेने गुंडाळा आणि ओढा. पण दोरी हाताला कधीच गुंडाळू नका. सैल बाही, ओढणी, गळ्यातली माळ फिरत्या फ्लायव्हीलपासून दूर ठेवा, आणि इंजिन चालू असताना झाकण परत बसवायला जाऊ नका.

आमचं इंजिन लगेच धरलं. पुलापर्यंत जाऊन आलो, आणि उतरत्या पाण्याने देवबाग गाठायला अजिबात वेळ लागला नाही.

जाणाऱ्यांनी होडीत दोन मीटर चांगली दोरी, दहाचा पाना, प्लगचा पाना, पक्कड, लायटर, पॉलिश पेपर आणि एक जास्तीचा प्लग ठेवावा. दोन वल्ही आणि माणशी एक लाइफ जॅकेट तर हवंच. परत आल्यावर स्टार्टरची दोरी पूर्ण बाहेर ओढून गोड्या पाण्याने पुसा, भोकाच्या कडेवर बोट फिरवा, आणि पावसाळ्यात होडी वर काढाल तेव्हा तुटायची वाट न बघता दोरी बदलूनच टाका.